वरच्या बांधीचं पाणी

आषाढ सरत आला की साकोली-लाखनीकडच्या शिवारात माणसं दिवसभर वाकलेलीच दिसतात. रोवणी चालू असते. चिखल केलेल्या बांधीत बाया ओळीने मागे मागे सरकत पऱ्ह्यांच्या जुड्या सोडवतात आणि दोन-तीन काड्या एकत्र धरून अंगठ्याने चिखलात दाबतात. तेवढ्यात धुऱ्यावरून एखादा म्हातारा खांद्यावर पावडं टाकून येतो. बांधीत पाणी जास्त झालंय, हे त्याला लांबूनच कळलेलं असतं. तो धुऱ्यात हातभर फट पाडतो आणि गढूळ पाणी खालच्या बांधीत उतरायला लागतं. पुरेसं उतरलं की निघालेलीच ढेकळं पुन्हा फटीत घालून तो टाचेने दाबतो आणि पुढे जातो. खालची बांधी त्याचीच असते असं नाही. त्याच्या बांधीत आलेलं पाणीही वर कुणीतरी अशीच फट पाडली म्हणून आलेलं असतं.

वैनगंगेच्या खोऱ्यात कुठेही हिंडलं तरी ही फट डोळ्यांपुढून हलत नाही. इथे निसर्गाने पुष्कळ दिलंय. धान, लाकूड, बांबू, कोसा, मासळी, रेती, मँगनीज. पण यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी थोपवून धरली आणि कुणीतरी वेळेवर पुढे सोडली, तेव्हाच ती खोऱ्याची झाली.

नदीची वाटही सरळ नाही. मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावाजवळ ती उगम पावते, आधी उत्तरेकडे जाते, मग पूर्वेला झुकते आणि मोठा वळसा घेऊन दक्षिणेला लागते. बालाघाट मागे टाकून ती महाराष्ट्रात येते. वाटेत बाघ, बावनथडी, सूर, कन्हान, चुलबंद, गाढवी, कठाणी अशा नद्या तिला भेटत जातात. गडचिरोली जिल्ह्यात मार्कंडा इथे ती पुन्हा थोडी उत्तरेकडे वळते. त्या वळणावर काठाने कोरीव देवळांचा समूह उभा आहे आणि महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरते. पुढे चपराळ्याजवळ वर्धा नदी मिळते, दोघींची प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ ती गोदावरीत जाते. उगमापासून वर्धेच्या संगमापर्यंत सुमारे ५७० ते ५८० किलोमीटरचा हा प्रवास. एवढ्या वाटेत ही नदी घाई करते ती फक्त पावसाळ्यात.

त्या घाईचं कारण जमिनीखाली आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग लाव्हाच्या काळ्या कातळावर बसलेला आहे. नागपूरच्या आसपास तो कातळ संपतो आणि पूर्वेला त्याहून कितीतरी जुना खडक वर येतो. ग्रॅनाइट, नाइस, साकोलीच्या टापूतले शिस्ट आणि क्वार्ट्झाइट. मातीच्या पातळ थराखाली दगडी परात पालथी घालावी तसा हा खडक आहे, भेगा असतील तिथे थोडं मुरू देणारा आणि बाकी सगळं वाहून जाऊ देणारा. पाऊस मात्र वर्षाला तेराशे-चौदाशे मिलिमीटर, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. विहिरीवर विसंबून राहावं तर ती फाल्गुनातच तळ दाखवणार. या भूमीवर राहायचं तर पाणी जमिनीच्या वरच अडवायला हवं, हे इथल्या माणसांना फार लवकर उमगलं.

ज्यांना ते सर्वांत नेमकं उमगलं ते कोहळी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्यांत मिळून आजही साडेसहा हजारांहून अधिक जुने तलाव मोजले जातात. त्यांतले पुष्कळसे कोहळी समाजाच्या पाटलांनी गोंड राजांच्या काळात बांधले. जंगल तोडून गाव वसवावं, तलाव बांधावा आणि त्याखाली भिजेल ती जमीन कसावी, अशी राजांनी दिलेली मुभा होती, असं सांगितलं जातं. हातात ना नकाशा होता ना दुर्बीण. पावसाळ्यात रानात उभं राहून पाणी कुठून येतं, कुठे थबकतं आणि कुठे फुटून निघतं हे बघायचं, दोन टेकड्यांमधली अरुंद जागा हेरायची आणि तिथे मातीची पाळ घालायची. नवेगावबांध हा याचा सर्वांत भव्य दाखला. डोंगरांच्या कवेत अकरा चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं पाणी, आणि ते अडवणारी पाळ टेकड्यांमधल्या खिंडींपुरतीच. कोलू पाटील कोहळी या माणसाने तो बांधला असं परंपरा सांगते, आणि तलावाच्या काठी कोलासूर या नावाने त्याचं ठाणं आहे. तलाव बांधणाऱ्याला गावाने देव मानावं, यातच त्या पाण्याची किंमत कळते. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून याच काठावर राहिले. पुढे ‘नवेगावबांधचे दिवस’ या त्यांच्या पुस्तकामुळे हे पाणी, त्यावरची पाखरं आणि काठची माणसं पुण्या-मुंबईच्या वाचकांच्या घरात पोचली.

पण मोठ्या तलावापेक्षा त्यांची साखळी जास्त विलक्षण आहे. वर जंगल, जंगलाच्या पायाशी तलाव, तलावाखाली बोड्या म्हणजे लहान तळी, बोडीखाली बांध्या. वरच्या तलावाचा सांडवा वाहिला की ते पाणी खालच्या तलावाच्या पोटात जातं. एका गावाचं वाया गेलेलं पाणी दुसऱ्या गावाची मिळकत होते. जंगल शाबूत असलं तर गाळ कमी येतो, गाळ कमी आला तर तलाव खोल राहतो. दरवर्षी उन्हाळ्यात गाळ काढून शेतात टाकायचा, पाळीवर माती चढवायची, पाणी सुटण्याची मोरी नीट करायची, ही कामं गावाने मिळून करायची रीत होती. शेतकऱ्याला धानापुरतं पाणी, ढिवराला मासळी, गुरांना पिण्यापुरता साठा, असा प्रत्येकाचा वाटा ठरलेला होता. तो न्याय्यच होता असं म्हणता येणार नाही. पाणी शेवटी मालगुजाराच्या, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या जमीनमालकाच्या, शब्दावर सुटत होतं, आणि ज्यांनी डोक्यावरून माती वाहिली त्यांच्या नावावर जमीन क्वचितच चढली. तरीही तलाव कुणाचा आणि तो फुटला तर धावायचं कुणी, याबद्दल गावात शंका नव्हती.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. ती जायलाच हवी होती. मात्र तिच्याबरोबर तलावही सरकारकडे गेले, आणि पाळीवर माती घालायला धावणारा गाव हळूहळू पाणीपट्टीची पावती घेणारा लाभार्थी झाला. माजी मालगुजारी तलाव हे नाव कागदोपत्री लांबलचक वाटलं म्हणून आता सगळे त्यांना मामा तलाव म्हणतात. पुष्कळ तलावांच्या पोटात गाळ साठला, काठाची जागा धानाच्या बांध्यांनी व्यापली, आणि गुलाबी फुलांची बेशरम पाण्यात पाय रोवून उभी राहिली. लोकांनी अडाणीपणामुळे तलाव सोडले असं कुणी म्हणालं तर ते फार अन्यायाचं होईल. ज्या वस्तूवर आपला शब्द चालत नाही तिच्यासाठी उन्हातान्हात माती कोण वाहील?

याच जुन्या खडकाने खोऱ्याला आणखी एक गोष्ट दिली, तिला मात्र पावसाची गरज नाही. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे, नदीपलीकडे बालाघाटला भरवेली इथे, आणि पश्चिमेला मनसर-कांद्रीकडे मँगनीजचे थर आहेत. कधीकाळी समुद्राच्या तळाशी बसलेला गाळ प्रचंड दाबाने आणि उष्णतेने पालटून हे खनिज तयार झालं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे खाणी सुरू झाल्या. लुईस फर्मोर या भूवैज्ञानिकाने हा सगळा मुलूख पालथा घालून भारतातल्या मँगनीजवर १९०९ मध्ये प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. क्वार्ट्झ आणि मँगनीजयुक्त गार्नेट असलेल्या इथल्या एका खडकाला त्याने गोंडाइट हे नाव दिलं. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत गोंडांचं नाव त्यामुळे राहिलं. खाणीतल्या ढिगाऱ्यावर दगड फोडणाऱ्या गोंड मजुरांपर्यंत ती बातमी पोचली होती का, कोण जाणे.

डोंगरीचा काळा दगड हातात घेतला तर आकाराच्या मानाने तो चकित करण्याइतका जड लागतो, आणि खाली ठेवल्यावर तळव्यावर काजळीसारखा डाग राहतो. पोलाद बनवताना तो लागतोच. शिवाय डोंगरीतलं काही खनिज कोरड्या बॅटरीसाठी वापरलं जातं. बॅटरीचा जुना सेल फोडला की कार्बनच्या कांडीभोवती जी काळी पूड निघते, तिच्यात मँगनीज डायॉक्साइड असतं. पाळीवर रात्री राखण करणाऱ्या माणसाच्या हातातल्या विजेरीत, कदाचित, त्याच्याच तालुक्यातला दगड जळत असेल. भरवेलीची भूमिगत खाण आशियातल्या सर्वांत खोल मँगनीज खाणींत गणली जाते. खाणींमुळे रोजगार आला, रेल्वेचे फाटे आले, वसाहती उभ्या राहिल्या. पण तलावातलं पाणी पुढल्या पावसाळ्यात परत येतं. खाणीतून निघालेला दगड एकदाच निघतो. खोऱ्याच्या हिशेबात ही दोन प्रकारची संपत्ती एकाच रकान्यात लिहिली जाते, हे खटकत राहतं.

रेतीचंही तसंच. ग्रॅनाइट-नाइस झिजला की त्यातला क्वार्ट्झ कणाकणाने सुटा होतो. तो कठीण असतो आणि सहजासहजी विरघळतही नाही. म्हणून कन्हान आणि वैनगंगेची रेती स्वच्छ आणि खरखरीत, आणि म्हणून नागपुरातल्या घरबांधणीला ती हवीहवीशी. उन्हाळ्यात नदी आटली की याच रेतीत वाफे पाडून ढिवर-कहार कुटुंबं डांगरवाड्या लावत. रेतीखाली दोन-तीन हातांवर ओल असते. मुळं तिथवर पोचली की वरचं ऊन वेलींना बाधत नाही. डांगर, टरबूज आणि काकड्या निघायच्या. ज्या घरांकडे सातबारा नाही त्यांची ही एवढीच शेती, दर पावसाळ्यात पुसली जाणारी आणि दर उन्हाळ्यात नव्याने आखली जाणारी. रेती ट्रकांत भरून गेली की ओलही खाली जाते. याची नोंद कुठल्याच घाटाच्या लिलावात होत नाही.

खोऱ्याचा दक्षिण भाग म्हणजे झाडी. ऐन, मोह, तेंदू, बांबू. ऐनाच्या झाडावर कोशाच्या अळ्या वाढवणारी ढिवर कुटुंबं आरमोरीकडे आजही आहेत. पाखरांनी अळ्या टिपू नयेत म्हणून ती माणसं दिवसदिवस झाडाखाली हाकारे घालत बसतात. तो कोसा पुढे मोहाडीजवळच्या आंधळगावात मागावर चढतो. आणि कठाणीच्या काठी, धानोरा तालुक्यात, मेंढा-लेखा आहे. या गोंड गावाने १९८० नंतरच्या काळात एक साधी शिस्त लावून घेतली: निर्णय सगळ्यांच्या सहमतीने घ्यायचा आणि त्याआधी बसून त्या विषयाचा अभ्यास करायचा. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क या गावाला मिळाला. तो मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढ्याचं नाव आहे. एवढं होऊनही बांबू गावाबाहेर न्यायला परवाना लागायचा, आणि तो परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे यायला एप्रिल २०११ उजाडावा लागला. बांबू शतकानुशतकं तिथेच उगवत होता. त्याचा वाटा कुणी पाडायचा एवढाच प्रश्न होता, आणि त्या एका प्रश्नाला सोडवायला एका गावाची तीन दशकं गेली.

नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांची गोष्टही इथेच सांगायला हवी. शाळा तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ मध्ये पटेल-३ जातीच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, प्लास्टिकच्या पिशवीत जपल्या आणि पुढल्या वर्षी निराळ्या जागी पेरल्या. असं वर्षानुवर्षं निवडत जाऊन बारीक दाण्याचा, शिजल्यावर मऊ होणारा आणि भरपूर उतारा देणारा धान तयार झाला. बियाणं विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याने त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी म्हणायला सुरुवात केली, आणि त्या नावाने हा तांदूळ राज्याबाहेर दूरवर गेला. दादाजींनी बियाणं कधी अडवून धरलं नाही. मागेल त्याला दिलं. २०१८ मध्ये ते गेले तेव्हा औषधपाण्यालाही पैसे पुरत नव्हते. धुऱ्यातली फट उघडी ठेवणाऱ्याला खालच्या बांधीने काहीच परत करायचं नसतं का, हा प्रश्न त्या घराच्या दारात उभं राहून विचारावासा वाटतो.

धान घरात आला की हाच मुलूख गाणं-नाटकाकडे वळतो. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडारी होतात. वडसा इथे नाटक मंडळ्यांची कार्यालयं आहेत, आणि होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. नाटकाचं तिकीट काढण्याइतका पैसा गावाच्या हातात आहे की नाही हे तलाव किती भरला होता यावर ठरतं. खोऱ्यातल्या नटाचं मानधनसुद्धा अशा रीतीने पाळीच्या उंचीला बांधलेलं आहे.

पवनीजवळ नदीवर गोसीखुर्द धरण उभं आहे. पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला झाली. मूळ अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. तो पुढे हजारो कोटींत गेला. अडीच लाख हेक्टर भिजवण्याचं स्वप्न होतं. गावं उठली, भंडाऱ्यापर्यंत फुगवटा आला, डांगरवाड्यांची रेती कायमची पाण्याखाली गेली. ज्या नदीत मृगाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर मासे चढणीला लागायचे, तिथे आता त्यांच्यापुढे दारांची भिंत आहे. कालव्याखालच्या ज्या शेतकऱ्याला पाणी मिळालं त्याचा आनंद खरा आहे आणि तो लहान मानता येत नाही. पण नागपूरचं सांडपाणी पोटात घेऊन नाग नदी कन्हानमार्गे याच जलाशयात येते. ज्या अंभोऱ्याला वैनगंगा, कन्हान, आंब, मुर्झा आणि कोलारी यांचा संगम मानतात, जिथे मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ लिहिला असं तिथली परंपरा सांगते, तिथे जलपर्णीचे हिरवे तांडे तरंगताना दिसतात. वरच्या बांधीने खाली काय सोडावं याची काही मर्यादा असते. शहर मोठं झालं म्हणून ती मर्यादा सुटत नाही.

आता या जलाशयाचं पाणी सुमारे चारशे किलोमीटर पश्चिमेला, बुलढाण्याच्या नळगंगेपर्यंत न्यायचा प्रकल्प राज्याने मंजूर केला आहे. काळ्या मातीतल्या कापसाच्या शेतकऱ्याने किती सोसलंय ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्याला पाणी मिळू नये असं झाडीतलं कुणीही म्हणणार नाही. तरी अर्जुनी मोरगावच्या किंवा सिंदेवाहीच्या पारावर बसलं की एक शंका ऐकू येते. ज्या खोऱ्यात पाणी जास्त आहे असं गृहीत धरलंय, त्याच खोऱ्यात परतीचा पाऊस आठ दिवस लांबला तर धान लोंबीवर असताना वाळतो. जास्त म्हणजे कुणाच्या गरजेहून जास्त?

या प्रश्नांच्या मध्येच काही चांगलंही घडतंय. गोंदिया आणि बालाघाटच्या तलावकाठी सारस टिकून आहेत. महाराष्ट्रात ते जवळजवळ फक्त इथेच उरलेत. पावसाळ्यात जोडी थेट धानाच्या बांधीत काड्यांचा ढीग घालते आणि त्यावर अंडी देते. त्या जागेचा धान जातो. अनेक शेतकरी तो जाऊ देतात, वर राखणही करतात. अर्जुनी मोरगावकडे ढिवर बायांनी काही तलाव हाती घेतले आहेत. उन्हाळ्यात तलाव आटला की त्या बेशरम मुळासकट उपटतात, तळ नांगरून घेतात, आणि पाणी येताच तिथे मूळच्या पाणवनस्पती लावतात. मासळीला अंडी घालायला या वनस्पतींचा आडोसा लागतो हे त्यांना आज्यांकडून माहीत होतं. मधल्या काळात, भरभर वाढणाऱ्या माशांचं बीज आणून सोडण्याच्या घाईत, ते मागे पडलं होतं. मरळ आणि मागूर काही तलावांत पुन्हा हाताला लागू लागलेत.

वाद संपलेले नाहीत, ते संपण्यासारखेही नाहीत. कुवार म्हणजे आश्विन सरता सरता धान पोटरीत असतो आणि शेतकऱ्यांना तलावाची मोरी पूर्ण उघडून हवी असते. ढिवरांना उन्हाळ्यापर्यंत तळाशी एवढं तरी पाणी हवं असतं की मासळी तगेल. गुरंवाल्यांचं म्हणणं तिसरंच. मग पाळीवर बैठक बसते. आवाज चढतात, कुणी उठून जातो, कुणी त्याला बोलावून आणतो, आणि मोरी किती दिवस उघडी ठेवायची याचा आकडा त्या वर्षापुरता ठरतो. पुढल्या वर्षी पाऊस निराळा पडेल आणि आकडा पुन्हा ठरवावा लागेल.